घटक ६ : स्वामी रामानंद तीर्थ आणि बोलण्याची परवानगी



स्वामी रामानंद तीर्थ हे नाव तुमच्या कानांवरून अनेकदा गेलेले आहे. नांदेडच्या विद्यापीठाला ते दिलेले आहे, आणि १७ सप्टेंबरच्या ध्वजवंदनाच्या भाषणांत ते दरवर्षी येते. एखादे नाव असे सर्वत्र ऐकू येऊ लागले, की त्यामागच्या माणसाचे चरित्र आपण वाचलेलेच आहे असा समज होऊन बसतो. माझाही तो बराच काळ होता. मी भाषाविज्ञानाचा अभ्यासक आहे, इतिहासाचा नाही. त्यामुळे पुढील विवेचनात लढाया आणि वाटाघाटींपेक्षा शब्दांकडे अधिक लक्ष गेले आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

हे चरित्र या पुस्तिकेत घेण्याचे एक निमित्तही सांगायला हवे. २०२४ च्या फेब्रुवारीअखेर, मराठा आरक्षणाचे आंदोलन तीव्र झाले असताना, अंबड तालुक्यात संचारबंदी लागू झाली आणि जालना, छत्रपती संभाजीनगर व बीड या जिल्ह्यांत इंटरनेट सेवा काही तास बंद ठेवण्यात आली. त्या दिवशी मी जालना जिल्ह्यातल्या एका अभ्यासकेंद्रावर होतो. वीसेक विद्यार्थी मोबाइल हातात धरून बसले होते. हा निर्णय कोणी घेतला, कोणत्या कायद्याने घेतला आणि त्याचा आदेश कोठे वाचायला मिळेल, असे तीन प्रश्न त्यांनी मला विचारले. एका विद्यार्थिनीचा प्रश्न मात्र वेगळा होता. आदल्या आठवड्यात तिने आंदोलनाविषयीचा एक संदेश पुढे पाठवला होता. तो आता काढून टाकावा का, असे ती विचारीत होती. त्या संदेशात काहीही आक्षेपार्ह नव्हते, हे ती स्वतःही जाणून होती. तरी ती विचारीत होती. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कायद्याच्या पुस्तकात सापडतात. चौथ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी या चरित्राकडे वळलो.

एका शब्दापासून सुरुवात

आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी जालना औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि परतूर परभणी जिल्ह्यात. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १९४१ च्या जनगणनेनुसार या संस्थानाची लोकसंख्या सुमारे एक कोटी त्रेसष्ट लाख होती. तेलुगू, मराठी आणि कन्नड या तीन भाषा बोलणारे लोक मिळून फार मोठी बहुसंख्या होती, परंतु राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. लोकांनी निवडून दिलेले आणि सरकारला जाब विचारू शकेल असे विधिमंडळ नव्हते. कायदा म्हणजे निजामाचे फर्मान, किंवा त्याच्या कार्यकारी मंडळाची गश्ती.

‘गश्ती’ या शब्दापाशी थोडे थांबू. फार्सीत ‘गश्तन्’ म्हणजे फिरणे. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरवले जाणारे हुकूमपत्र ती गश्ती, म्हणजे आपण आज ज्याला परिपत्रक म्हणतो ते. रात्री फिरणाऱ्या पहारेकऱ्याच्या फेरीला आपण मराठीत ‘गस्त’ म्हणतो, तीही याच मुळाची. कागद आणि पहारेकरी या दोघांची नावे एकाच धातूतून यावीत, हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. हैदराबाद संस्थानातील त्या काळच्या माणसाला मात्र तो योगायोग वाटला नसता.

१९२१ मध्ये, खिलाफत आणि असहकार या चळवळींचे वारे संस्थानात शिरू लागताच, परवानगीशिवाय राजकीय सभा घेण्यास निजामाच्या फर्मानाने बंदी झाली. पुढे १९२९ मध्ये गश्ती निशान ५३ निघाली. तिने सभा मुळातच परवानगीच्या कक्षेत आणल्या. सभा कोणती, कशासाठी, हे आधी सरकारला कळवायचे. तीत राजकारण येणार नाही याची जबाबदारी भरवणाऱ्यांनी घ्यायची. खासगी शाळा काढायची तर परवानगी लागे. राज्याबाहेरच्या अनेक वृत्तपत्रांना आत येण्यास मज्जाव होता.

येथे कायद्यातला एक भेद तुम्ही नीट समजून घ्या, कारण पुढचे सारे चरित्र त्यावर उभे आहे. ब्रिटिश मुलखात लोकमान्य टिळकांना १८९७ आणि १९०८ मध्ये राजद्रोहाच्या कलमाखाली शिक्षा झाली. ती त्यांनी छापलेल्या लेखांबद्दल होती. लेख आधी छापला गेला, लोकांनी तो वाचला, मग खटला उभा राहिला, आणि न्यायालयात टिळकांना आपली बाजू मांडता आली. शिक्षा अन्यायाची होती, पण ती बोलण्यानंतरची होती. गश्तीची रीत निराळी. तिला शिक्षा करण्याची गरजच क्वचित पडे, कारण शब्द तोंडातून बाहेर पडण्याआधीच त्याची वाट अडवलेली असे. जे भाषण झालेच नाही त्याचा खटला कोण चालवणार, आणि त्याची नोंद तरी कोणत्या इतिहासात सापडणार?

व्यंकटेश खेडगीकर

रामानंद तीर्थ यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३. घराण्याचा मुलूख विजापूर आणि गुलबर्गा जिल्ह्यांच्या शिवेवरचा, कन्नड भाषेचा. शालेय शिक्षण सोलापुरात झाले. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे निधन झाले, तेव्हा सोळा वर्षांच्या या मुलाने आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याची प्रतिज्ञा केली. सतराव्या वर्षीच्या प्रतिज्ञा बहुधा टिकत नाहीत. ही टिकली.

असहकाराच्या काळात त्यांनी सरकारी शिक्षण सोडले, अमळनेरला आणि नंतर पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात राष्ट्रीय शिक्षण घेतले. पदव्युत्तर अभ्यासासाठी त्यांनी निवडलेला विषय होता लोकशाहीचा विकास. त्यानंतर कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर त्यांनी काही काळ काम केले. गिरणी कामगारांच्या प्रश्नांशी त्यांचा जवळून संबंध आला तो तेथेच. मोठ्या आजारपणाने शरीर खचले आणि मुंबईतले काम सुटले.

१९२९ च्या सुमारास ते उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या खेड्यातल्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले. गश्ती निशान ५३ निघाली तेही हेच वर्ष. हिप्परग्यातच त्यांनी नारायणतीर्थ स्वामींकडून संन्यासदीक्षा घेतली आणि ते रामानंद तीर्थ झाले. ही दीक्षा पुष्कळांना कोड्यात टाकते. संन्यासी म्हणजे जगाशी संबंध तोडलेला माणूस, आणि हे तर दिवसेंदिवस जगाच्या व्यवहारात अधिक गुंतत गेले. मला वाटते, त्यांच्या दृष्टीने संन्यास ही टिळकांच्या निधनादिवशी घेतलेल्या प्रतिज्ञेची पुढची पायरी होती. ज्याचे घर नाही, शेत नाही, वतन नाही, त्याच्याकडून सरकारला जप्त करता येईल असे फारसे काही उरत नाही.

राष्ट्रीय शाळा ही संस्थानाच्या नजरेत संशयाचीच जागा होती. १९३५ मध्ये हिप्परग्याहून निघून स्वामीजी अंबाजोगाईला गेले. अंबाजोगाईला तेव्हा कागदोपत्री मोमिनाबाद म्हणत. तेथील योगेश्वरी नूतन विद्यालयाचे ते मुख्याध्यापक झाले, आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांच्याबरोबर होते. शिक्षक म्हणून त्यांनी घडवलेली मुले पुढे चळवळीत दिसतात. शाळेत राजकारण शिकवायचे नाही, असा नियम होता. पण इतिहास शिकवायचा तर पुस्तकातल्या कोणत्या ओळीवर थांबायचे आणि कोणत्या ओळीवरून पुढे जायचे, हे तर शिक्षकच ठरवतो. तुमच्यापैकी जे शिकवण्याच्या व्यवसायात आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको.

परतूर, १९३७

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. मनमाड ते काचीगुडा या रेल्वेमार्गावर जालन्याच्या पुढे परतूर लागते. १९३७ मध्ये या गावी महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी गोविंदराव नानल होते.

परिषदेचे नाव पाहा. त्यात राजकीय असे काहीच नाही. तेलुगू भाषकांची आंध्र महासभा होती, कन्नड भाषकांची कर्नाटक परिषद होती, तशीच ही मराठी भाषकांची परिषद. राजकीय संस्थेला परवानगी मिळणे अशक्यप्राय होते. शिक्षण, समाजसुधारणा, ग्रंथालये आणि भाषा यांसाठी लोक एकत्र येत असतील तर वाट थोडी मोकळी असे. म्हणून हैदराबाद संस्थानात राजकारणाने भाषेच्या घरात आसरा घेतला. भाषाविज्ञानाच्या वर्गात आपण भाषेची कार्ये शिकतो, त्यात हे एक कार्य मला आजवर कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळलेले नाही. मातृभाषेतून शिक्षण द्या ही मागणी वरकरणी शैक्षणिक होती. परंतु ज्या राज्यात कायदा, न्यायालय आणि विद्यापीठ सगळेच उर्दूत चालते, तेथे ती मागणी करणे म्हणजे राज्य कोणाचे हा प्रश्न विचारणे होते, आणि हे परिषदेतल्या प्रत्येकाला कळत होते. कार्यक्रमपत्रिका वाचणाऱ्या अधिकाऱ्यालाही ते कळत असणार.

येथे मला एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे, अन्यथा चित्र एकरंगी होईल. १९२१ मध्ये हैदराबाद शहरात विवेकवर्धिनीच्या सभागृहात सामाजिक सुधारणा परिषद भरली होती. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. त्या सभेत आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील तेलुगूतून बोलायला उभे राहिले, तेव्हा श्रोत्यांनी हुल्लड करून त्यांना बोलू दिले नाही. त्या श्रोत्यांत मराठी मंडळी पुष्कळ होती. त्या अपमानातून आंध्र जनसंघाची आणि पुढे आंध्र महासभेची वाट निघाली. त्या सभेत कोणतीही गश्ती आड आली नव्हती. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या सुशिक्षित माणसांनीच दुसऱ्याची भाषा बंद पाडली. तोंड बंद करण्याची सत्ता नेहमी सिंहासनावरच बसलेली असते असे नाही. आजच्या समाजमाध्यमांवर झुंडीने एखाद्यावर तुटून पडणारे लोक पाहताना मला कर्व्यांसमोरची ती सभा आठवते.

येथे वाचन थांबवून एक काम करा. तुमच्या गावातली कोणतीही एक सार्वजनिक सभा आठवा. ती गश्ती निशान ५३ खाली घ्यायची असती तर अर्जात विषय काय लिहिला असता, आणि प्रत्यक्षात बोलणे कशावर झाले असते, हे दोन स्तंभांत लिहून काढा. या दोन स्तंभांतील अंतर मोजता आले तर परतूरच्या अधिवेशनाचे मर्म तुमच्या हाती लागेल.

नावावर बंदी

१९३८ मध्ये परिषदेचे दुसरे अधिवेशन लातूरला झाले. यानंतर स्वामीजी शाळेतून मोकळे झाले आणि पूर्ण वेळ चळवळीत आले. भाषेच्या घरातला आसरा आता अपुरा पडत होता. तिन्ही भाषकांची मिळून एक उघड राजकीय संस्था हवी, या विचारातून हैदराबाद स्टेट काँग्रेसची उभारणी सुरू झाली. सप्टेंबर १९३८ मध्ये, संस्था रीतसर स्थापन होण्याआधीच, सार्वजनिक सुरक्षिततेच्या नियमांचा आधार घेऊन सरकारने तिच्यावर बंदी घातली. जी संस्था अजून जन्मली नव्हती ती बेकायदा ठरली. संस्था जातीय स्वरूपाची आहे आणि तिचे धागे राज्याबाहेर आहेत, असा सरकारचा आक्षेप होता.

२४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीचे नेतृत्व परतूरचे अध्यक्ष गोविंदराव नानल यांनी केले. तीन दिवसांनी, २७ ऑक्टोबरला, स्वामीजींनी सत्याग्रह करून अटक करून घेतली आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्यांचा गुन्हा काय होता, तर बंदी असलेल्या संस्थेचे आपण सदस्य आहोत असे जाहीरपणे सांगणे. याच सुमारास उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत आणि औरंगाबादच्या इंटरमिजिएट महाविद्यालयात वंदे मातरम् म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थी मागे हटले नाहीत, त्यांना काढून टाकण्यात आले, आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकी एक होते.

त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही सत्याग्रह संस्थानात चालू होते. तीन लढे एकात मिसळून आपला लढा धार्मिक समजला जाईल, अशी चिंता महात्मा गांधींना होती. त्यांच्या सल्ल्याने डिसेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसने सत्याग्रह थांबवला.

यानंतरचा भाग मला सर्वाधिक बोलका वाटतो. बंदी उठावी म्हणून वाटाघाटी सुरू झाल्या आणि सगळा वाद एका शब्दावर येऊन ठेपला. काँग्रेस हा शब्द नावातून काढा, अशी सरकारची अट होती. पुष्कळ विचारानंतर संस्थेने तडजोड म्हणून हैदराबाद नॅशनल कॉन्फरन्स हे नाव पुढे केले. सरकारने तेही मान्य केले नाही. शब्द बदलला तरी बोलणारे तेच होते, आणि आक्षेप मुळात बोलणाऱ्यांवर होता. १९४० मध्ये स्वामीजींनी गांधीजींच्या संमतीने वैयक्तिक सत्याग्रह केला आणि ते पुन्हा तुरुंगात गेले. १९४१ च्या अखेरीस सुटले, १९४२ च्या आंदोलनात पुन्हा आत गेले. स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली ती जुलै १९४६ मध्ये, म्हणजे जवळजवळ आठ वर्षांनी. या आठ वर्षांत संस्थेचे नाव घेणे हाच गुन्हा होता.

पंधरा ऑगस्ट आणि त्यानंतरचे तेरा महिने

१९४७ च्या जूनमध्ये हैदराबादेतील मुशिराबाद येथे स्टेट काँग्रेसचे अधिवेशन झाले. स्वामीजी अध्यक्ष होते. इंग्रज निघून जात होते आणि निजामाने स्वतंत्र राहण्याचा निर्णय जाहीर केला होता. ७ ऑगस्टला संस्थानभर भारतात सामील होण्याचा दिवस पाळण्यात आला. १५ ऑगस्टला, देश स्वतंत्र होत असताना, स्वामीजींना हैदराबादेत अटक झाली. तिरंगा फडकावण्यास संस्थानात बंदी होती. दिल्लीत जो ध्वज राष्ट्राचा होता तोच जालन्यात आणि परतुरात आक्षेपार्ह वस्तू होता. नोव्हेंबरअखेर भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला तेव्हा ते सुटले, आणि जानेवारी १९४८ मध्ये त्यांना पुन्हा पकडण्यात आले. त्यानंतर ते बाहेर आले ते संस्थान भारतात आल्यावरच.

कासीम रझवी याच्या रझाकारांनी या महिन्यांत खेड्यापाड्यांत जो अत्याचार केला तो तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकला असेल. जालन्याचे हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकर यांचे नाव तुम्हाला माहीत आहेच. त्या घटनांचा तपशील इतिहासाच्या पुस्तिकेत आहे, येथे तो पुन्हा सांगत नाही. मला एकाच मृत्यूविषयी लिहायचे आहे.

शोएबउल्ला खान हे हैदराबादचे तरुण उर्दू पत्रकार. मंदुमुला नरसिंग राव यांच्या ‘रय्यत’ या दैनिकात ते काम करीत. सरकारने ते दैनिक बंद केले तेव्हा त्यांनी ‘इमरोज’ काढले. संस्थानाने भारतात सामील व्हावे, असे ते लिहीत होते आणि रझाकारांवर उघड टीका करीत होते. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री कार्यालयातून घरी जाताना त्यांच्यावर हल्ला झाला. गोळ्या घातल्या आणि ज्या हाताने ते लिहीत त्यावर तलवारीचे वार करून तो तोडला. दुसऱ्या दिवशी ते गेले. महिनाभराच्या आत, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगितला. निजामी राजवट म्हणजे उर्दू, आणि विरोध म्हणजे मराठी किंवा तेलुगू, अशी सोपी वाटणी आपल्याकडे होते. तीत शोएबउल्ला खान बसत नाहीत. ते राज्यकर्त्यांच्या भाषेत, राज्यकर्त्यांच्या धर्माचे असूनही, राज्यकर्त्यांविरुद्ध लिहीत होते. हल्लेखोरांनी हात तोडला, यावरून ती शिक्षा नेमकी कशाची होती हे कळते.

स्वराज्यातले संन्यासी

स्वातंत्र्यानंतर स्वामीजींना सत्तेचे पद मिळणे कठीण नव्हते. ते मंत्रिमंडळात गेले नाहीत. १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून ते लोकसभेवर निवडून आले. खादी, भूदान आणि शिक्षण यांत त्यांनी मन गुंतवले. हैदराबाद राज्याचे भाषेनुसार विभाजन व्हावे, या बाजूने ते ठामपणे उभे राहिले. राज्य एकसंध ठेवावे असे मानणारेही वजनदार लोक होते. ज्या भाषिक परिषदांनी एकेकाळी राजकारणाला आसरा दिला होता, त्यांच्याच सीमा १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा झाल्या. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. जन्माने कन्नड मुलखातला आणि कामाने मराठवाड्याचा असा हा माणूस स्वतः कोणत्या राज्याचा, हा प्रश्न त्यानंतर कोणी विचारलेला माझ्या वाचनात नाही. आपल्या आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहिल्या. ते पुस्तक १९६७ मध्ये निघाले. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. हैदराबादच्या बेगमपेठ भागात त्यांची समाधी आहे.

परत त्या विद्यार्थिनीकडे

आता तुम्ही विचाराल, की निजामाचा काळ आणि आपला काळ यांची तुलना तरी योग्य आहे का. सरसकट केली तर मुळीच नाही. आपल्याला संविधान आहे, त्यात कलम १९ आहे, निवडणुका आहेत, न्यायालये आहेत. गश्ती निशान ५३ ला आव्हान देण्याची जागा स्वामीजींना नव्हती. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम ६६ अ ला मात्र आव्हान देता आले. २०१२ मध्ये पालघरला, मुंबईतल्या बंदविषयी समाजमाध्यमावर चार ओळी लिहिल्याबद्दल एका तरुणीला आणि त्या ओळी पसंत केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली, तेव्हा देशभर संताप उसळला. एका कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरले. न्यायालयाच्या मते त्या कलमातले शब्द इतके मोघम होते, की काय बोलले म्हणजे गुन्हा होतो हे नागरिकाला आधी कळण्याची सोय नव्हती. त्रासदायक, गैरसोयीचे यांसारख्या शब्दांना कायद्यात नेमका अर्थ देता येत नाही, हे अर्थविज्ञानाच्या अभ्यासकाला पटायला वेळ लागत नाही.

तरीही काही गोष्टी जुन्या ओळखीच्या आहेत. तारेने जाणारे संदेश थांबवण्याचा आणि वाचण्याचा अधिकार १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने सरकारला दिला. तार बंद झाली, दूरध्वनी आला, मग इंटरनेट आले, आणि अधिकार तोच पुढे चालत राहिला. त्याची कारणे सांगणारे शब्दही तेच : सार्वजनिक आणीबाणी आणि सार्वजनिक सुरक्षितता. २०१७ मध्ये दूरसंचार सेवा तात्पुरत्या बंद करण्याचे नियम याच कायद्याखाली करण्यात आले. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा आला, त्यातही हे अधिकार आहेत. संगणकावरील माहितीवर देखरेख ठेवण्याची तरतूद माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ मध्ये आहे, आणि डिसेंबर २०१८ मध्ये दहा केंद्रीय संस्थांना त्यासाठी अधिकृत करण्यात आले. दंगल पेटत असताना अफवा थांबवायला हव्यात, हे खरेच आहे, आणि ज्या अधिकाऱ्यावर जिल्ह्याच्या शांततेची जबाबदारी आहे त्याची अडचण मला कळते. गुन्हेगाराचा माग काढायलाही देखरेख लागते. पण कोणावर आणि कशासाठी, हे विचारण्याचा हक्क नागरिकाकडे उरला पाहिजे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले, तेव्हापासून हा प्रश्न घटनेच्या भाषेत विचारता येतो.

त्या विद्यार्थिनीला मी त्या दिवशी संदेश ठेव असेही सांगितले नाही, काढ असेही नाही. तिला कोणी आदेश दिलेला नव्हता. एखादी गश्ती तिच्या हाती आलेली नव्हती. कोणीतरी पाहत असेल, एवढ्या शक्यतेने तिने स्वतःच परवानगीचा अर्ज लिहिला आणि उत्तरासाठी माझ्यापुढे ठेवला. परतूरच्या लोकांनी अर्जात एक विषय लिहिला आणि बोलले दुसरेच. ही विद्यार्थिनी बोलून झाल्यावर ते पुसू पाहत होती. या दोन वागण्यांत काय फरक आहे आणि तो कशामुळे पडला, हे मी अजून पुरते ठरवू शकलेलो नाही. तुमच्या उत्तरपत्रिकेत तुम्ही ते मांडावे, अशी अपेक्षा आहे.

तिच्या सहाध्यायांच्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा तेवढा राहिला आहे. इंटरनेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि सेवा अमर्याद काळ बंद ठेवता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरसंबंधीच्या प्रकरणात दिला आहे. म्हणजे फेब्रुवारी २०२४ मधील आपल्या जिल्ह्याचा आदेश मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. तो मिळवा. त्यावर सही कोणत्या पदाधिकाऱ्याची आहे, कारण कोणत्या शब्दांत दिले आहे आणि मुदत किती तासांची आहे, हे पाहा, आणि पुढच्या संपर्कसत्राला येताना त्याची प्रत बरोबर आणा.